दगडावरचा चेहरा

आठवीतल्या एका मुलीचा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेचा फॉर्म गेला आठवडाभर माझ्या पर्समध्ये आहे. पोरगी वेल्ह्याकडच्या वाडीतून एसटीने भोरला येते. हात असा की फळ्यावर खडूने दोन रेघा ओढल्या तरी हेडमास्तर ओळखू यावेत. पण फॉर्मवर वडिलांची सही नाही. ते शाळेत आले, खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "टीचर, झाडां काढने दो, घरां काढने दो. इन्सान का चेहरा नक्को."

अडचण अशी की परीक्षेत स्मरणचित्र असतं. बाजार, एसटी स्टँड, पाणवठा. माणसांशिवाय बाजार कसा काढायचा?

मी उर्दू आणि मराठी शिकवते, फतवे देत नाही. ते माझं काम नाही आणि मला जमणारही नाही. म्हणून त्यांना मळवलीची गोष्ट सांगितली.

मळवली आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याजवळ. राजा रविवर्मा केरळातल्या किळीमानूरचे. संस्थानिकांची पोर्ट्रेटं काढत गावोगाव फिरलेला माणूस. बडोद्याच्या सयाजीरावांचंही चित्र त्यांनी काढलं. पोर्ट्रेट एकाच दिवाणखान्यात लटकतं, ज्याने पैसे मोजले त्याच्या. बडोद्याचे दिवाण टी. माधवराव यांनी सुचवलं होतं की चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रविवर्मांनी पुढे छापखानाच मुंबईत आणला, 1894 साली. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. पहिलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. मग मुंबईत प्लेग आला आणि 1899 मध्ये छापखाना मळवलीला हलला. धंदा काही रविवर्मांना जमला नाही. कर्ज वाढलं आणि शेवटी तो फ्रिट्झ श्लायशर या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. देवघरातली लक्ष्मी-सरस्वती काढणारा मल्याळी, छापणारा जर्मन, आणि तिला जरी-टिकल्या लावून सजवणाऱ्या आपल्याकडच्या बायका! दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यात काम करत होते. मळवली स्टेशनवर उतरणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

मुलीचे वडील ऐकत होते, पण चेहऱ्यावर 'हमारा क्या ताल्लुक' असंच होतं.

ताल्लुक दगडाचा आहे. शिळाछापाचा दगड गुळगुळीत चुनखडीचा, उत्तम प्रतीचा बव्हेरियातून यायचा. त्यावर तेलकट शाईने काढायचं, दगड पाण्याने भिजवायचा, मग छापायची शाई फिरवायची. तेलकट रेघ शाई धरते, ओला दगड ती झिडकारतो. रंगीत चित्राला प्रत्येक रंगाचा वेगळा दगड, आणि कागद दर वेळी केसभरही न सरकता बसायला हवा. नाहीतर ओठांचा रंग हनुवटीवर.

आणि हाच दगड उर्दूचा. शिशाच्या सुट्या खिळ्यांना नस्तालीक कधी पेललंच नाही; त्यातली अक्षरं एकमेकांच्या खांद्यावरून घसरत येतात. म्हणून कातिब कागदावर लिहायचा, ते दगडावर उलटं उतरायचं आणि छापल्यावर सुलटं व्हायचं. लखनौचा नवल किशोर छापखाना 1858 चा. तिथून कुरआनही छापून निघाला, मालक हिंदू. विसाव्या शतकात संगणकावर नस्तालीक येईपर्यंत उर्दूची पानं अशी कातिबांच्या हातचीच होती.

माझे दादा कातिब होते. बोटाला कायम शाई. त्यांनी आयुष्यात चेहरा काढला नाही. पण 'हे' काढताना म्हणायचे, "दो आँखें हैं इसकी, बराबर देखनी चाहिए." दोन डोळ्यांचा 'हे', दो-चश्मी. हे आठवून मी नकळत त्यांच्यासमोरच हसले. ते मात्र हसले नाहीत.

थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "दगड पे इबारत और तस्वीर, दोनों एकच आदमी छापता था?"

"छापखाना छापखाना असतो, भाई," मी म्हटलं. "दगड विचारत नाही."

"दगड को जवाब देना नहीं पडता, टीचर."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

जाताना त्यांनी मुलीची वही मागून घेतली. उभ्याउभ्याच चाळली. एका पानावर बराच वेळ थांबले. ते पान मी पाहिलेलं आहे, त्यावर त्यांची आई आहे, चुलीपुढे बसलेली. वही त्यांनी मिटली, मला परत न देता पिशवीत घातली आणि वेल्ह्याची एसटी गाठायला निघाले.

फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.