फोटॉनांची मोजदाद

अणुकेंद्रातील द्रव्य नेहमीच्या अवस्थेतही इतके दाट असते की त्याच्या एका घन सेंटिमीटरचे वजन वीस कोटी टनांहून अधिक भरेल. मात्र तापमान सुमारे दोन लाख कोटी अंशांच्या घरात गेले की प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या सीमा विरघळतात आणि त्यांतील क्वार्क व त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन मोकळे होतात. जड अणुकेंद्रांच्या टकरीत घडणारी ही अवस्था, म्हणजे क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा, निमिषही टिकत नसल्याने तिचे अनुमान फोटॉनांसह मागे उरलेल्या कणांवरूनच करावे लागते.

जयपूरला ही विद्या परकी नाही. तिथल्या राजस्थान विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ, कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटरच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या फोटॉन-गणना शोधकाच्या कामात सहभागी होते, आणि 2008 च्या फेब्रुवारीत ‘क्वार्क मॅटर’ ही या क्षेत्रातील प्रमुख परिषदही जयपुरातच भरली.

या शोधकाची रचना कल्पनेने साधी, पण हाताळायला हट्टी आहे. शिशाच्या जाड पत्र्यावर आदळलेला फोटॉन इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचा वर्षाव घडवतो आणि पलीकडच्या थरातील अनेक कप्प्यांत त्याची खूण उमटते, तर प्रोटॉन किंवा पायॉनसारखा विद्युतभारित कण बहुधा एखाद्याच कप्प्यात खूण सोडून निघून जातो. हा भेद ओळखणे हेच खरे कसब. पुढे अमेरिकेतील स्टार आणि जिनिव्हाजवळील ॲलिस या प्रयोगांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी, वायूने भरलेले कप्पे वापरून शिशाच्या अलीकडेही एक थर बसवला, जेणेकरून भारित कण आधीच ओळखून वगळता यावेत. तरीही काही कण फोटॉनांचे सोंग घेतात, काही फोटॉन निसटतात, आणि दाट टकरीत शेजारचे वर्षाव एकमेकांत मिसळतात. म्हणून मोजलेल्या आकड्यापेक्षा त्यावर केलेल्या दुरुस्त्यांचा हिशेब अधिक मोलाचा, असे या कारागिरीत मानावे लागते.

बहुतेक फोटॉन उदासीन पायॉनांच्या विघटनातून येतात. उष्ण द्रव्य निवताना काही टकरींत उदासीन आणि भारित पायॉनांचे प्रमाण विलक्षण ढळेल, असे एक भाकीत होते. स्टार आणि ॲलिसच्या आधीच्या, युरोपातील डब्ल्यूए98 प्रयोगात शिशावर शिसे आदळवून, याच शोधकाच्या मदतीने फोटॉन आणि भारित कण यांची प्रत्येक टकरीतील संख्या ताडून ते तपासण्यात आले. तसा ढळ आढळला नाही, आणि 1998 मध्ये त्या शक्यतेवर केवळ वरची मर्यादा प्रसिद्ध झाली. दुरुस्त्यांचा हिशेब चोख नसता तर त्या मर्यादेला काडीचीही किंमत उरली नसती.