अप्परला पेटेल, डिपरला विझेल

दिवाळी झाली की परभणी जिल्ह्यात उसाचा हंगाम लागतो. पाथरी, मानवत, गंगाखेडच्या रस्त्यांवर रात्रभर उसाचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चालू असतात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि ऊस मात्र हातभर बाहेर आलेला असतो. म्हणून या दिवसांत थार, स्कॉर्पिओ, गुरखा घेऊन गॅरेजला येणाऱ्यांची एकच मागणी असते, जास्तीचे दिवे लावून द्या. मागणी रास्त आहे. पण समोरच्याचे डोळे दिपले, तर तीच ट्रॉली त्याला दिसत नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. जास्तीचा दिवा फक्त अप्परवर पेटेल आणि डिपर दिला की त्याच क्षणी विझेल. डिपरवरही चालू राहील असं बटण मी बसवत नाही.

जुन्या जीपला हेडलाइटची वायर सोलून जोड मारला तरी भागायचं. आजच्या गाडीत हेडलाइटचा करंट बॉडी कंट्रोल मॉड्यूलच्या नजरेखाली असतो. त्यावर परका भार टाकला की डॅशबोर्डवर इशारा येतो किंवा मॉड्यूल ती लाइनच बंद करतं. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टला नऊ अँपिअरच्या वर करंट. तो मी बॅटरीवरून स्वतंत्र जाड तांब्याच्या वायरने आणतो. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, पुढे रिले. रिलेच्या ३० नंबरला बॅटरी, ८७ ला दिवे, ८५-८६ वर कॉइल. गाडीच्या अप्परकडून फक्त कॉइलपुरता इशारा घ्यायचा. कॉइल बंद होताना व्होल्टेजचा झटका मागे मारते, म्हणून आत डायोड असलेलाच रिले घ्यावा. त्याच्या पिना उलट्या जोडू नयेत.

एलईडी हेडलाइट आले आणि काम अवघड झालं. काही गाड्यांत अप्परच्या वायरवर सलग १२ व्होल्ट नसतातच, तुकड्यातुकड्यांनी करंट येतो. साधा रिले लावला की बोनेटखाली तो टिकटिकत राहतो आणि काही दिवसांत त्याचे पॉइंट जळतात. अशा गाडीला टेस्ट लॅम्प लावूच नये. मीटरने आधी बघावं आणि मूळ वायर न कापता गाडीचा इशारा वाचणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल घ्यावं. महाग पडतं, पण गाडीचं मूळ मॉड्यूल उडण्यापेक्षा स्वस्तच.

अर्थिंगकडे फार जण दुर्लक्ष करतात. नव्या गाडीत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर छोटी डबी दिसेल. किती करंट गेला-आला, याचा हिशेब ती ठेवते. अर्थ थेट त्या टर्मिनलवर आवळला तर आपल्या दिव्यांचा करंट या हिशेबात येत नाही. त्यामुळे अर्थ बॉडीवरच घ्यायचा, रंग खरवडून, घट्ट.

टपावरच्या लाइट बारला माझा स्पष्ट विरोध आहे. तिचा प्रकाश बोनेटवर आपटून चालकाच्याच डोळ्यांत येतो. डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं दिसेनासं होतं. दिवे बंपरच्या उंचीवर बरे, पण रेडिएटरची हवा अडता कामा नये, आणि पुढे रडार असेल तर त्याच्यासमोर काहीही नको. गोदाकाठच्या धुक्यासाठी पिवळीच काच हवी, हा समज मला पटत नाही. धुक्याचे थेंब प्रकाशलहरींपेक्षा खूप मोठे, ते सगळेच रंग सारखे विखुरतात. खाली बसवलेला, रुंद आणि वरून कापलेला झोत हवा.

कायदाही पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १११ व्या नियमाने स्पॉट लाइट आणि सर्च लाइट पुढे लावायला मनाई आहे. अपवादाला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. दिवे घेण्याआधी परभणीच्या आरटीओत विचारून घ्या.

आणि ज्यांच्या घरी ट्रॉली किंवा बैलगाडी आहे, त्यांनी हंगामाआधी मागच्या फळीला रुंद लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी. तिला ना रिले लागतो, ना बॅटरी. मागून येणाऱ्याच्या साध्या डिपरमध्येही ती दुरून चमकते.