दोराला लागलेला हात

सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या वॉशिंग्टन स्क्वेअर या बागेत ब्राँझचे तीन बंबवाले उभे आहेत. त्यांतल्या एकाच्या हातांवर एक असहाय बाई आहे. हेग पटिगियन या शिल्पकाराचे हे काम १९३३ सालचे. १८४९ ते १८६६ या काळात शहराच्या आगी विझवणाऱ्या स्वयंसेवकांचे हे स्मारक. मी ते छायाचित्रातच पाहिले आहे. पण तेव्हापासून ती बाई काही माझ्या मनातून जात नाही.

सोन्याच्या आशेने आलेल्या माणसांनी लाकडाचे आणि कापडाचे शहर घाईघाईने उभारले होते. डिसेंबर १८४९ ते जून १८५१ एवढ्या अवधीत तिथे सहा मोठ्या आगी लागल्या. पगारी माणसे नव्हतीच. गावातलेच लोक पथके करून दोराने बंब ओढत नेत आणि हातांनीच पंप मारीत. आधी कोण पोचतो याची पथकांत भारी चुरस असे. (आग बिचारी वाट पाहत असेल!)

१८५८ साली असेच एक पथक, निकरबॉकर क्रमांक पाच, टेलिग्राफ हिलच्या चढावर अडले. माणसे कमी पडली. तेव्हा लिली हिचकॉक नावाची पंधरा वर्षांची मुलगी दप्तर टाकून धावली, दोराला हात घातला आणि बघ्यांनाही ओढायला लावले, असे सांगतात. १८६३ मध्ये पथकाने तिला मानद सभासद केले. पुढे ती कपड्यांवरही पाचाचा आकडा भरून घेत असे. १९२९ साली ती वारली, आणि तिने मृत्युपत्रात ठेवलेल्या पैशातून हे स्मारक झाले. त्याच टेकडीवरचा २१० फुटी कॉइट टॉवरही तिच्याच पैशातला. तो बंबाच्या नळीच्या तोंडासारखा दिसतो असे लोक म्हणतात. तसा हेतू मात्र नव्हता.

म्हणजे पैसा दोर ओढणारीचा, आणि पुतळ्यात बाई ती उचलून आणलेली!

आमच्या गावी गोठा पेटला तेव्हा विहिरीपासून घागरींची रांग लागली होती. रांगेत आजी होती, काकू होती. दुसऱ्या दिवशी पारावर गोष्ट रंगली ती छपरावर चढलेल्या गड्यांची. आजीचे सोललेले तळहात मी पाहिले होते. तिला विचारले, तर म्हणाली, "अगं, घागर काय, रोजचीच."

सॅन फ्रान्सिस्कोच्या अग्निशमन दलात नोकरीवर बायका घ्यायला १९८७ साल उजाडले. तोवर ती ब्राँझची बाई चोपन्न वर्षे त्या हातांवर पडून होती.