नदीला नाव आहे, नावाडिणीला नाही

लंडनमध्ये परमुलखाच्या जुन्या फोटोंची प्रदर्शनं कुठे ना कुठे चालूच असतात आणि त्यांचा साचाही ठरलेला असतो. एका भिंतीवर डोंगर, नद्या, देवळं, समोरच्या भिंतीवर चेहरे. दोन्ही भिंती पाहून झाल्या की चीन पाहिला, सयाम पाहिला, अशा समाधानात मंडळी कॉफी प्यायला जातात. इथे येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांना ते समाधान जरा खुपतं, कारण चेहऱ्यांच्या त्या रांगेत आपले खापरपणजोबाही सहज बसले असते. पण नुसतं खुपणं म्हणजे काही युक्तिवाद नव्हे. माझं म्हणणं एवढंच की अशा प्रदर्शनाची पारख फोटोंइतकीच फोटोखालच्या ओळीवरूनही करावी. जागेला नाव आहे आणि माणसाला नाही, असं जिथे जिथे झालंय तिथे ते का झालं, हे प्रदर्शन सांगतं की गुपचूप पुढे सरकतं? जॉन थॉमसन या फोटोग्राफरच्या कामावर ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.

थॉमसन एडिंबराचा, जन्म 1837 चा. 1862 मध्ये तो सिंगापूरला गेला, 1866 मध्ये त्याने अंकोरवाटचे फोटो काढले, आणि 1868 ते 1872 या काळात हाँगकाँगहून निघून चीनचा बराच भाग पालथा घातला. काम सोपं नव्हतं. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि अंधाऱ्या तंबूत लगेच धुवायची. म्हणजे मिन नदीचं एक शांत दृश्य घ्यायचं तर काचा, रसायनं आणि तंबू हमालांच्या खांद्यावरून काठापर्यंत न्यायला हवेत. यातून 1873-74 मध्ये चार खंडांचं, 200 फोटोंचं पुस्तक निघालं. त्याच्या सहाशेहून अधिक काचा आज यूस्टन रोडवरच्या वेलकम कलेक्शनकडे आहेत. त्यांवरून केलेले मोठ्या आकाराचे फोटो 2018 मध्ये सोआसच्या ब्रुनेई गॅलरीत मांडले होते. फोटो अप्रतिम आहेत, त्यात वाद नाही. यांगत्सेची घळ, चीनच्या भिंतीकडे नेणारी नानकौची खिंड, मिन नदी, सगळ्यांची नावं आहेत. कँटनमधल्या औषधवाल्यांच्या गल्लीतल्या उभ्या टांगलेल्या पाट्यासुद्धा थॉमसनने वाचून घेतल्या आणि पुस्तकात त्यांचा अर्थ दिला. हे शाई-लेखणीचं दुकान, हे मेणाच्या वेष्टनातल्या गोळ्या विकणाऱ्याचं. इतका चौकस माणूस! पण मूल घेतलेली नावाडीण ही नुसती कँटनची नावाडीण, नवरी ती मांचू नवरी, आणि एका पानावर तर ओळीने नुसती डोकी, नमुने मांडावेत तशी. नाव मिळालं ते राजपुत्र गोंग आणि ली हाँगजांग अशा बड्यांना.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. काळच तसा होता, भाषा वेगळी होती, लोक कॅमेऱ्याला घाबरायचे. फोटो काढला की माणूस मरतो, हा परका आपल्या यंत्रातून डोंगराच्या आतलंही पाहतो, अशा समजुती थॉमसनने स्वतःच नोंदल्या आहेत. अशा वातावरणात नाव विचारायचं तरी कसं? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर थॉमसनच्याच पुढच्या कामात आहे. लंडनला परतल्यावर 1877 मध्ये अडॉल्फ स्मिथ या पत्रकाराबरोबर त्याने ‘स्ट्रीट लाइफ इन लंडन’ ही मासिक भागांची मालिका सुरू केली. फोटोग्राफर तोच, धंदेवाईक आणि दरिद्री लोकांना उभं करून फोटो घेण्याची रीतही तीच. फक्त इथे हाताच्या जागी लोखंडी आकडा असलेला हुकी आल्फ आहे, म्हातारा विदूषक केनी आहे, फिरस्त्यांच्या गाडीवरचा विल्यम हॅम्प्टन आहे. सेंट जाइल्सच्या वर्कहाउसच्या (गरीबखान्याच्या) पायरीवर बसलेल्या त्या प्रसिद्ध बाईचं नाव नसलं, तरी ती एका शिंप्याची विधवा आहे आणि मांडीवरचं मूल तिचं नसून कॉफीच्या दुकानात कामाला गेलेल्या मैत्रिणीचं आहे, हे मजकुरात सांगितलंय. तिच्यापाशी थांबून कुणीतरी बोललं होतं. म्हणजे काळ आणि गरिबी दोन्हीकडे सारखीच असताना फरक पडला तो बोलण्याने. चीनमध्ये पाट्या वाचून देणारा माणूस सोबत होता. त्यालाच नावाडिणीचं नाव विचारायला सांगता आलं असतं.

इथली माणसंही शेवटी ‘फुलवाल्या’ आणि ‘कचरेवाले’ म्हणूनच मांडली, असं कुणी म्हणेल. खरं आहे. पण त्या खणातूनही आल्फ मान बाहेर काढतो, नावाडिणीला ती सोयच ठेवलेली नाही.

आपल्या मुंबईचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. जॉन्सन या फोटोग्राफरने 1863 आणि 1866 मध्ये मुंबईतल्या ‘वंश आणि जमातीं’चे दोन खंड लंडनला छापले. त्यातली माणसं स्टुडिओत उभी केलेली आणि मागचे देखावे वेगळ्या फोटोंतून आणून जोडलेले. लंडनच्या वाचकाला मात्र वाटावं की माणूस आणि त्याचा मुलूख एका क्षणी, एका जागी टिपलाय. दोन भिंतींचं प्रदर्शन नेमकं हेच करतं, फक्त कात्री न लावता. डोंगर चेहऱ्याची साक्ष देतो, चेहरा डोंगराची, आणि दोघांची मिळून ‘संस्कृती’ तयार होते.

खरा अवघड आक्षेप दुसराच आहे. नाव लिहिलं म्हणजे मान दिला असं कुठे असतं? पॅरिसमध्ये 1880 च्या दशकात पोलिसखात्यातल्या बर्तियाँने गुन्हेगारांच्या फोटोंना नाव आणि मोजमापं जोडली, ती काही आदरापोटी नव्हे. इथल्या जनगणनेत 1991 पासून वंशाचा रकाना आहे, तोही आपण मुकाट भरतोच. तेव्हा नाव हा काही रामबाण उपाय नाही. मला नावाआधीची परिस्थिती हवी आहे. गळ्यात लाकडी चौकट अडकवलेल्या कैद्याचा थॉमसनने घेतलेला फोटो आहे. त्या माणसाला नको म्हणायची मुभाच नव्हती. ‘चिनी शिक्षा’ या ओळीतून ते कळत नाही, ‘हा माणूस कैदेत होता, त्याची संमती घेतल्याची नोंद नाही’ यातून कळतं.

ओळ लांबली की लोक फोटो पाहायचं सोडून वाचतच बसतात, असं गॅलरीवाले म्हणतात. पण ही ओळ दोन वाक्यांच्या वर जात नाही, आणि तारीख, पद्धत, देणगीदाराचं नाव यांना आत्ताही जागा मिळतेच. शिवाय वेलकमच्या संकेतस्थळावरून हे फोटो कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, हॉटेलांच्या भिंतींवर ते जातात, तेव्हा सोबत जी ओळ जाते तीच पुढे खरी ठरते. म्हणून पुढचं प्रदर्शन मांडणाऱ्यांनी थॉमसनचे चीन आणि लंडन हे दोन संच एकाच दालनात समोरासमोर लावून पाहावेत. काचा यूस्टन रोडला आहेत, ‘स्ट्रीट लाइफ’ एलएसईच्या ग्रंथालयात. दोन्ही जागांमध्ये पायी अर्ध्या तासाचं अंतर आहे, विमा आणि वाहतुकीचा खर्चही फारसा येणार नाही.