तीन वर्षांचा ताळेबंद

बँकेच्या नोकरीत पीककर्जाचे असंख्य अर्ज माझ्या टेबलावरून गेले. प्रत्येक अर्जात एक पीक आणि एक हंगाम असे. निवृत्तीनंतर वर्धा जिल्ह्यातील वडिलोपार्जित सहा एकर शेती सेंद्रिय पद्धतीने करू लागलो, तेव्हा जमिनीचे खाते एका हंगामात मिटत नाही, याचा प्रत्यय जवसाने दिला.

शेताचे आम्ही तीन भाग केले. एकात सोयाबीननंतर जवस, दुसऱ्यात तूर, तिसऱ्यात सोयाबीननंतर हरभरा. दरवर्षी पिकांची जागा बदलते. जवस मूळ जागी चौथ्या वर्षी परततो.

दोन वर्षांपूर्वी मुलगा म्हणाला, "बाबा, जवस एकरी दोन क्विंटलच्या पुढे जात नाही. निंदणाची मजुरीही फार. तिथे हरभराच पेरू या." व्यापारी घरातील मुलाचे हे गणित एका वर्षापुरते बिनचूक होते. जवसाची पाने बारीक, सावली विरळ. पहिला महिना-दीड महिना डवरणी-निंदण केले नाही तर तण त्याला दाबून टाकते.

मी तीन वर्षांचा हिशेब त्याच्यापुढे मांडला. सोयाबीन, तूर, हरभरा ही तिन्ही द्विदल पिके. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे टिकते आणि त्याच जागी पुन्हा हरभरा आला की बळावते. जवस वेगळ्या कुळातला. ती बुरशी त्याच्यावर पोसत नाही. जवसालाही स्वतःचा मर रोग आहे, म्हणून त्यालाही जागा बदलावी लागते. रासायनिक औषध वर्ज्य असलेल्या शेतात फेरपालट हाच मोठा विमा. द्विदलांनी जमिनीत ठेवलेले नत्र जवसाच्या कामी येते. मुरलेल्या ओलीवर तो तग धरतो आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत.

मुलाने वही मिटली आणि जवस राहिला. सकाळी त्याची निळी फुले उमलतात, दुपारपर्यंत पाकळ्या गळतात. घरी लसणाविना केलेली त्याची चटणी वर्षभर पुरते.

आपल्या समाजात अनेकांची अडत, तेलघाणी वा किराणा दुकान आहे. त्यांना एक विनंती. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकांना दोन वर्षांचा रूपांतर काळ असतो. त्या काळात शेतकऱ्याचा खर्च सेंद्रिय शेतीचा, पण मालाला ते नाव लावता येत नाही. कर्जदाराला आपण हप्त्यांसाठी मुदत देतो. या शेतकऱ्याला त्या दोन वर्षांत रास्त भाव द्यावा. पुढची अनेक वर्षे तो आपल्याच पेढीवर माल आणील.