तारांसकट

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या मंडळींचं तारांशी जुनं वैर आहे. उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला, रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हा मागे नुसतं पाणी असतं. टेली लेन्स तेही पुसट करून टाकते आणि पक्षी असा दिसतो, जणू त्याला राहायला गावच नाही. बुधवार पेठेत ही चैन नाही. इथं आभाळ बोळाच्या रुंदीएवढंच मिळतं, तेही रेघारेघांचं. विजेच्या तारा, केबल, कधीतरी कुणीतरी ओढलेल्या आणि आता कुठेच न पोचणाऱ्या वायरी. घरी येऊन संगणकावर त्या पुसून टाकणारे मला ठाऊक आहेत. मी पुसत नाही.

एक कारण अगदी व्यवहाराचं. तार ओळख पटवते. तांबड्या जोगेश्वरीच्या अंगाला संध्याकाळी मान वर केली, की कोयत्यासारख्या पंखांचे काळे पक्षी चिरकत गिरक्या घेताना दिसतात. पाकोळ्या की भिंगऱ्या? कंबरेवरचा पांढरा पट्टा दिसला तर पाकोळी, पण त्या वेगात तो दिसेल तर ना! मग मी वाट बघतो. त्यातली एखादी येऊन तारेवर टेकली, तर ती भिंगरी. पाकोळीचे पाय इतके आखूड, नख्या अशा पुढे वळलेल्या, की भिंतीला लटकणं जमतं, तारेवर बसणं नाही. ती खाते हवेत, घरट्याची पिसंही उडता उडताच टिपते आणि लाळेनं ती वाड्याच्या तुळईखाली चिकटवते. तिचा फोटो म्हणजे शुद्ध नशीब. शटर एक-दोन हजारांशावर ठेवा, डझनभर फोटो एका दमात उडवा, हाती येतं रिकामं आभाळ आणि कोपऱ्यात एक काळा पंख.

घारीचं तसं नाही. ती मंडईच्या बाजूनं निवांत येते, खाच पडलेली शेपूट सुकाणूसारखी फिरवत, आणि तुम्हाला हवा तेवढा वेळ देते. बेलबागेच्या देवळाजवळ ती इतकी खाली उतरली होती, की तिच्या पायातली मांज्याची दोरी स्पष्ट दिसली. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. फोटो मात्र त्यानंतरचा आहे.

लांब लेन्स घेऊन पेठेत फिरायचे काही नियम मी स्वतःपुरते केले आहेत. पक्षी ज्या खिडकीवर बसतो, तिच्यामागे कुणीतरी राहत असतं. काही गल्ल्यांत खिडक्यांमधल्या बायकांकडे आधीच पुष्कळ नजरा लागलेल्या असतात. तिथं दयाळ गळा फाडून गात असला, तरी कॅमेरा पिशवीतून बाहेर येत नाही.

पक्षी ओळखायची पुस्तकं मी अप्पा बळवंत चौकातूनच घेतली. सालिम अलींचं पहिलं पुस्तक १९४१ चं. त्याच्या वारशातल्या सगळ्या पुस्तकांत पक्षी कोऱ्या कागदावर एकटा बसलेला असतो. शिकायला ते बरं. पण पत्ता गेला, की काय होतं, ते रानपिंगळ्याच्या गोष्टीत कळतं. आपल्या पिंगळ्याचाच हा भाऊबंद, फक्त डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला आणि पुढे हा पक्षी नाहीसाच झाला. रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज कर्नलानं मात्र तो १९१४ मध्ये गुजरातेत मिळवल्याचा दावा केला होता. नमुना चोरीचा निघाला, चिठ्ठीवरचं गाव खोटं. पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाद केली, जुन्या खऱ्या नमुन्यांची गावं धरली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सोबत्यांसह शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत पाहिला. एकशे तेरा वर्षं! पिसांत खोट नव्हती, खोट पत्त्यात होती.

म्हणून माझ्या फोटोंत तारा राहतात, कौलं राहतात, 'येथे वाहने लावू नयेत' ही पाटीही राहते. भिडेवाड्याच्या मोडक्या कठड्यावरची एक साळुंकी माझ्याकडे आहे. सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, तो वाडा. फोकस पाखराऐवजी लाकडावर बसलाय, म्हणून कुठल्या स्पर्धेत तो कुणी ठेवून घेणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी वाडा पाडला. आता लोक तो फोटो मागतात आणि साळुंकीबद्दल कुणी विचारत नाही. मी मुद्दाम सांगतो: डोळ्यामागची पिवळी कातडी बघा, साळुंकी आहे.

परवा एका बोळात ओट्यावर बसलेल्या काकांनी हटकलं. "काय काढताय?"

"पाकोळ्या."

"त्यात काढण्यासारखं काय आहे? आमच्या वाड्यात शंभर होत्या."

"मग वाडा पडल्यावर गेल्या कुठे?"

त्यांनी मागच्या नव्या इमारतीकडे बोट केलं. पार्किंगच्या स्लॅबखाली, पाइपाच्या वळणाला, पिसांचा मळकट गोळा चिकटला होता आणि खालच्या स्कूटरवर पांढरे शिंतोडे. रविवारच्या सभेत घरटी खरवडायचा विषय निघणार म्हणे. "तुम्ही या," काका म्हणाले, "पण या घरट्याचा फोटो घेऊन या. स्कूटर माझीच आहे, मला चालतं."