हर्शीच्या वाटेवर प्लिमथ

गुरुवार, १० ऑक्टोबर २०१९, एडिसन

संध्याकाळी प्लिमथ ट्रेलरवर चढवली. १९५१ची क्रॅनब्रुक, आमच्या शेजारच्या आजोबांची. त्यांच्या सासऱ्यांनी नवी घेतली होती. रंगही तेव्हाचाच, बॉनेटवर दोन-तीन ठिकाणी विरलेला. दर ऑक्टोबरला आजोबा ती स्वतः चालवत पेनसिल्व्हेनियात हर्शीला, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला नेत. यंदा डोळ्यांनी हात टेकले. म्हणून ट्रेलर त्यांचा, पिकअप माझा.

बाबांना घरीच ठेवायचा विचार होता. ऐंशी वर्षांचे, आणि मुंबईहून येऊन जेमतेम आठवडा झालेला. पण गॅरेजचं शटर वर गेलं आणि बाबा चपला घालून तिथे हजर! १९५७ साली ते कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये शिकाऊ म्हणून लागले. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी स्वातंत्र्याच्या सुमारास क्रायस्लरशी करार करून डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला लागली. बाबा लागले तोवर फियाट आली होती. त्यांना मिळाली ट्रकची लाइन, डॉज आणि फार्गोची.

बॉनेट उघडल्यावर ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, “साइड व्हॉल्व्ह. सहा व्होल्ट. आणि पॉझिटिव्ह अर्थ, बरं का! बॅटरी जोडताना सांभाळा.” आजोबांना मी सांगितलं, तर त्यांनी बाबांच्या हातात सरळ पान्हाच दिला.

गाडी चढवणं सोपं, बसवणं कठीण. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या हुकावर यायला हवा. वजन मागे गेलं की वेग वाढताच ट्रेलर डुलायला लागतो, आणि एकदा डुलायला लागला की पुढच्या गाडीलाही फरपटत नेतो. म्हणून वीतभर पुढे, चार बोटं मागे असं बराच वेळ चाललं. पट्टे बॉडीला बांधायचे नाहीत, अ‍ॅक्सलला बांधायचे. नाहीतर खड्ड्यात स्प्रिंग दबते आणि पट्टा सैल पडतो. बाबांनी प्रत्येक पट्टा दोन बोटांनी ओढून पाहिला आणि पुढचा डावा पुन्हा आवळायला लावला.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

पहाटे निघालो. बाबा मागच्या सीटवर, मांडीवर पोळीभाजीचा डबा. इंटरस्टेट ७८ने डेलावेअर नदी ओलांडली की पेनसिल्व्हेनिया. टोल फक्त जाताना, तोही अ‍ॅक्सल मोजून. पिकअपचे दोन, ट्रेलरचे दोन. बाबांना तो हिशोब पटला. “वजनाप्रमाणे भाडं, ठीक आहे.”

आलनटाउनच्या पुढे थांबलो. मी कॉफी घेऊन येतो तर बाबा ट्रेलरभोवती फिरत एकेका चाकाच्या हबला हाताची पालथी बाजू लावून बघतायत. उजवीकडचा मागचा हब तापला होता. बाकीचे तिन्ही कोमट. आजोबा म्हणाले बेअरिंग. बाबा म्हणाले ब्रेक. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर घासल्याचा आवाज. बाबांनी ताडपत्रीवर आडवं होऊन मागच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हर घातला आणि आतलं दातेरी चाक थोडं उलटं फिरवलं. चाक मोकळं झालं. कपडे झटकत उठले आणि म्हणाले, “आता पुढच्या थांब्याला परत बघायचं.” पुढच्या थांब्याला बघितलं. चारही सारखे.

हा ट्रेलर गेल्याच महिन्यात पैसे मोजून तपासून आणला होता. आजोबा त्यावर बोलले नाहीत, मीही नाही.

दुपारी हर्शी. चॉकलेटचं गाव, रस्त्यावरचे दिवेसुद्धा हर्शीच्या ‘किस’ चॉकलेटच्या आकाराचे. अमेरिकेतल्या अँटिक ऑटोमोबाइल क्लबचा हा मेळावा १९५५पासून इथे भरतो. गाड्यांइतकीच गर्दी जुन्या सुट्या भागांच्या बाजाराला. मैदानंच्या मैदानं ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यावर कार्ब्युरेटर, गेज, हबकॅप, गंजलेली हँडलं. मुंबईचा चोरबाजार सरळ रेषेत मांडला तर असा दिसेल. प्लिमथच्या बॉनेटवर असतं ते शिडाचं जहाज एका टेबलावर होतं. बाबांनी उचललं, उलटं करून मागचा स्टड पाहिला आणि ठेवून दिलं. “आटे गेलेत.” विकणाऱ्याला मी भाषांतर करून सांगितलं नाही.

शनिवार, १२ ऑक्टोबर

ट्रेलर लांबच्या तळावर ठेवायचे आणि गाडी स्वतःच्या इंजिनावर मैदानात न्यायची, असा इथला शिरस्ता. सकाळी प्रवेशाच्या रस्त्याला दुतर्फा माणसं खुर्च्या टाकून बसलेली. प्लिमथ पहिल्या स्टार्टरला लागली. शेवटचा तेवढा रस्ता आजोबांनीच चालवली. मी शेजारी बसून “डावीकडे, सावकाश” सांगत होतो.

ट्रेलरवरून येणाऱ्या गाड्यांना इथे ‘ट्रेलर क्वीन’ म्हणून हिणवतात. आजोबांना ते काल रात्रीपासून टोचत होतं. मला त्यात अर्थ वाटत नाही. ९७ हॉर्सपॉवर, ड्रम ब्रेक, सीटबेल्ट नाही, आणि मागे अठरा चाकांचा ट्रक. त्या रस्त्यावर गाडी पणाला लावण्यात कसली मर्दुमकी?

नव्याने उभ्या केलेल्या गाड्यांचं परीक्षण ४०० गुणांपासून सुरू होतं आणि खोट दिसेल तसे गुण कापले जातात. आमची गाडी त्यात नाही, मूळ अवस्थेत टिकलेल्यांचा वर्ग वेगळा आहे. तरी बाबा त्या चकचकीत रांगेतच जास्त रमले. एका डिसोटोखाली आरसे ठेवले होते, पोटही दिसावं म्हणून. बाबा गुडघ्यावर बसले, बघितलं, आणि मोठ्याने म्हणाले, “खोटं आहे हे!”

मी इकडेतिकडे पाहिलं. मराठी कुणी नव्हतं.

“चासीला पॉलिश? लाइनीवर एक हात काळा रंग मारायचे, ओघळ आला तर आला. वेल्डिंगचे मणी कोण घासत बसतंय? पुढची चासी आली की सोडायची. डिट्रॉइटला काय वेगळं असणार?” आजोबांना सांगितलं तर ते खो खो हसले. क्लबच्या नियमात हेच आहे म्हणे. गाडी विक्रेत्याने ताब्यात दिली तशी हवी, त्याहून सरस केली तर जादा गुण नाहीत. बाबांना हे कळल्यावर क्लबबद्दल त्यांचं मत एकदम सुधारलं.

दुपारी आमच्या पलीकडच्या डॉजचं डावं चाक पंक्चर निघालं. पंचविशीतला पोरगा पान्ह्याला लांब पाइप जोडून अंगाचा भार टाकत होता. बाबा जवळजवळ धावलेच. त्याच्या हातावर हात ठेवून मानेनेच ‘नाही’. त्या काळच्या क्रायस्लर गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरताना बोल्ट आपोआप सैल पडू नयेत म्हणून. पोरगा खोलायच्या नावाखाली आवळत होता, आणखी एका झटक्यात बोल्ट तुटला असता. बाबांनी पान्हा दुसऱ्या अंगाने लावून मुठीने एक ठोसा दिला. सुटला. बोल्टच्या डोक्यावर ‘एल’ कोरलेलं होतं, गंजाखाली. बाबांनी ते अंगठ्याने पुसून पोराला दाखवलं.

मग तास-दीड तास आमच्या खुर्च्यांभोवती माणसं. कुर्ल्यात प्लिमथ जोडायचे यावर निम्म्यांचा विश्वास बसेना.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी क्लबच्या नावाच्या संग्रहालयात डोकावलो. तीन टकर गाड्या एकत्र आहेत, १९४८च्या. एकूण ५१च बनल्या आणि कंपनी बुडाली. बाबांना मधला तिसरा दिवा आवडला, बाकी घाई केली. ट्रेलर उघड्यावर उभा होता ना.

परतीला वाहतूक तुंबलेली. घरी पोचेपर्यंत अंधार. कोजागरीचं दूध आटवून ठेवलेलं, बायकोने आजोबांनाही बोलावलं. केशर-वेलचीचा पेला हातात धरून त्यांनी मला विचारायला सांगितलं, बाबा परत कधी जाणार? डिसेंबरात. मग प्लिमथच्या पुढच्या ब्रेकचे सिलिंडर त्याआधी करून टाकू या का? एकेका चाकाला दोन-दोन आहेत.

“रबरं मिळतात इथे?” बाबांनी विचारलं.

मिळतात.

उद्या सकाळी आठला या म्हणाले आजोबा. बाबा म्हणाले सात, आणि सैंपाकघरातून जुनी फडकी मागून घेतली.